अदीच्या घरी उतरलो तेव्हा

बदनापूर स्टेशनवर आम्हाला घ्यायला एक ठेंगणी बाई आली होती. पांढरी ओढणी, पायांत रबरी चपला. आम्ही सिंधमधून आलेलो. तीही तिकडचीच, पण आमच्या बरीच वर्षं आधी आलेली. सगळे तिला अदी म्हणत. आमच्या बोलीत अदी म्हणजे ताई. तिनं आईचं गाठोडं घ्यायला हात पुढे केला, तर बाबांनी ते स्वतःकडे ओढलं.

त्याला कारण होतं. व्हिसा काढून देतो म्हणत आमच्याच बिरादरीतल्या एकानं तिकडे आम्हाला बुडवलं होतं, तेही देवाची शपथ घेऊन. तेव्हापासून देवाचं नाव घेत कुणी जवळ आलं की बाबा मागे सरत.

आणि अदीच्या घरात तर बाहेरच्याच खोलीत झुलेलालची, आम्हा सिंध्यांच्या नदीच्या देवाची, तसबीर, पुढे तेवता दिवा. तिथंच आमची अंथरुणं. जेवायला तिनं कढी-भात वाढला. मी घास उचलला तसा बाबांनी माझा हात धरला. अदीनं पाहिलं. तिनं माझ्याच ताटातला एक घास खाल्ला. मग आम्ही जेवलो. पुढे कितीतरी दिवस ती असंच करायची.

एकदा ती म्हणाली, "भाऊ, पासपोर्ट काढून ठेवा. जालन्याला पोलिसांकडे नोंद करावी लागते." पासपोर्ट बाबांच्या बनियनला आतून शिवलेले होते. त्यांनी ते काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात हवालदार! शेजारच्या काकूंनी कळवलं होतं, "ही बाई कोन लोकं आणून राह्यली, बघा जरा." बाबांना वाटलं, अदीनंच बोलावलं. हवालदार जाताच त्यांनी आम्हाला घेऊन स्टेशन गाठलं. जायचं कुठे, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

अदी मागोमाग आली. तिनं अडवलं नाही. लांबच्या बाकावर बसून राहिली. शेवटी बाबाच उठून तिच्याकडे गेले.

"बाई, खरं सांग. आमच्याकडून काय पाहिजे तुला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कुणी एवढं करत नसतं."

ती रुळांकडे बघत म्हणाली, "मी आले तेव्हा या फलाटावर लेकीला घेऊन एकटीच बसले होते. झुलेलालनं पार नेलं. पार उतरलेल्यानं मागच्यांसाठी नाव परत पाठवायची असते, भाऊ. नाही पाठवली तर तो मला विचारेल."

बाबांना ते पटलं नाही. पण जालन्याची गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "चल. पण पासपोर्टला तू हात लावायचा नाही."

कार्यालयात त्यांनी ते स्वतःच दिले आणि परत मिळाल्यावर पानन् पान तपासलं. साहेबांनी अदीला "बसा मावशी" म्हणत खुर्ची दिली, तर बाबा आईच्या कानात कुजबुजले, "पोलिसांशी हिची एवढी ओळख कशी?"

आम्ही बदनापुरातच राहिलो. बाबांनी पापड-लोणच्याची गाडी लावली. अदीचे गुडघे गेले, तसे नव्या कुटुंबांना घ्यायला बाबाच जाऊ लागले. भरवसा बसला म्हणून नव्हे. "ही भोळी बाई, कुणालाही घरात घेईल. आधी मी बघतो कोण आहेत," असं पुटपुटत ते निघतात. फलाटावरच त्या दमलेल्या माणसांची उलटतपासणी घेतात. मग त्यांना अदीच्या दारी आणतात, आणि गल्लीत कुणी हटकलं तर आता शिकलेल्या बदनापुरी मराठीत सांगतात, "आपलीच मान्सं हायेत, बिलकुल काळजी न्हाई."