मी परत दिलेलं इंजेक्शन

ती घटना आठवली नाही असा माझा एकही रविवार जात नाही. निवृत्तीनंतर या प्रकरणावर मी दोन-तीन ठिकाणी बोललो, टाळ्याही घेतल्या. पण दरवेळी सुरुवात खोटी सांगितली.

कागदपत्रांत लिहिलंय, 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक माहिती मिळाली.' असा बातमीदार कोणी नव्हता. ती एक आई होती, आणि दिवसाउजेडी ठाण्याच्या पायऱ्या चढून आली होती.

सोमवार होता. सातपूरच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक. हजेरी आटोपून कोर्टात जाणाऱ्या कागदांवर सह्या करत होतो. बाई मूळची देवळ्याकडची, इथं मुलीजवळ राहायची. मुलगी कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. बाईनं रुमालाची गाठ सोडली आणि वजन उतरवायच्या इंजेक्शनचं पेन माझ्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, हे भूक मारायचं औषध हाय ना?"

"हो. मग?"

"मंग काल टोचल्यावर पोरगी घामानं भिजली. हातपाय लटलट कापाया लागले. आन् डब्यातला समदा गूळ खाल्ला तिनं. भूक मारायचं औषध, आन् भूकच आवरंना!"

मागून हवालदार म्हणाला, "मावशी, उद्या चोरून वडापाव खाल्ल्याचीही तक्रार घेऊ आपण." सगळे हसले. मीही हसलो. "डाएट झेपलं नाही की असंच होतं. महागाचं औषध आहे, फ्रिजमध्ये ठेवा," असं सांगून ते पेन मी माझ्या हातानं तिला परत दिलं. स्टेशन डायरीत नोंद नाही.

माझ्या आईला मी वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचलंय. साखर उतरली की माणूस घामाघूम होतो, कापतो, गोड मागतो, हे मला पाठ होतं. तरी त्या क्षणी मला फक्त एक जाड मुलगी आणि गूळ दिसला.

वजनाचं हे इंजेक्शन आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. घरी जाऊन ती बाई मुलीला म्हणाली, "साहेबांनीच फ्रिजमध्ये ठेवाया सांगितलं." मुलीचा धीर वाढला. पुढच्या रविवारी, विकणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे, तिनं मात्रा वाढवली आणि आडवी झाली. आई बाजारातून आली तेव्हा ती उठेना.

हॉस्पिटलातून ठाण्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी पेनवरचं लेबल नखानं सोललं. खाली दुसरं लेबल होतं, इन्सुलिनचं.

"मूळ औषध चांगलं आहे, मीही लिहून देतो," ते म्हणाले. "पण तपासण्या करून, कमी मात्रेपासून. उलट्या होऊ शकतात, बंद केलं की वजन परत येऊ शकतं, हे सांगून. हा तर निव्वळ खेळ आहे जिवाशी."

विकणारा सगळ्यांना रविवारच सांगायचा, असं मुलीची आई म्हणाली. रविवार अजून संपला नव्हता. अशी पेनं आणखी कुणाकुणाच्या फ्रिजमध्ये होती?

विकणारा वजन घटवायचं केंद्र चालवायचा. दुपारीच त्याला ठाण्यात आणलं. केंद्राची पंचांसमक्ष झडती घेतली, नुसती रिकामी खोकी सापडली.

"साहेब, ओरिजिनल माल आहे. गिऱ्हाइकांची नावं कशी देऊ? लेडीज लोक आहेत, प्रायव्हसी असते."

बराच वेळ तेच. दम देऊन उपयोग होईना. पण माणूस शिक्षेपेक्षा घरच्यांसाठी जास्त घाबरतो, हे मी नोकरीत पाहिलं होतं. आवाज उतरवून विचारलं, "घरात कुणाला दिलंस?"

"यात नक्की काय आहे, साहेब?"

"इन्सुलिन. एक मुलगी उठत नाहीये."

"ताईला दिलंय. चांदवडला. ती संध्याकाळीच घेते."

त्याचा फोन स्पीकरवर लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मघाशी हसणारा हवालदार भिंतीकडे बघत उभा होता. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

"काय रे, आग लागली का कुठं? दळण घेऊन येत होते."

"ताई, ते इंजेक्शन..."

"घेते रे बाबा! माझ्या वजनाच्या मागंच लागलाय नुसता!"

"टोचू नको! ताई, हात लावू नको त्याला!"

मग तो रडला आणि बोलू लागला. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, माल पुरवणारा, सगळं. आमची पथकं घरोघर गेली. एका घरी बाईनं पेनला सुई लावून ठेवली होती. औषध निरीक्षकांनी नमुने सील केले, पुरवठादार सापडला. वर्तमानपत्रांनी आम्हाला तत्पर म्हटलं. फिर्यादीत मी गुप्त बातमीदार घातला. मुलीच्या आईचा जबाब घेताना सोमवारचं मी विचारलंच नाही.

आता माझी साखर वाढली आहे आणि डॉक्टरांनी मला तेच वजन उतरवायचं औषध लिहून दिलंय, अस्सल. पोट उतरलं, गुडघे हलके झाले. सुरुवातीला मळमळलं तेव्हा डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मात्रा वाढवणं लांबवलं. त्या मुलीला विचारायला असं कुणी नव्हतं. तिच्या आईला फक्त पोलीस ठाणं सुचलं. मी अजूनही सुई टोचल्यावर घाम आला का म्हणून कपाळ चाचपतो.

तक्रारीतल्या ज्या गोष्टीवर ठाण्यात हशा पिकतो, तपास तिथूनच सुरू करायला हवा. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मुलगी वाचली, पण साखर फार वेळ उतरलेली राहिल्यानं मेंदूला इजा झाली. हे लिहिणार असल्याचं सांगायला मी तिच्या घरी गेलो, तेव्हा आई तिला वरणभात भरवत होती. "लिवा," एवढंच ती म्हणाली. मुलगी बोलत नाही. भूक लागली, हेही तिला आता सांगता येत नाही. आई घड्याळाकडे बघून घास भरवते.