साहेबासमोरचं अर्धं वाक्य

१९३१ साली मी सोळा वर्षांचा होतो. मराठी चौथीनंतर शाळा सुटलेली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमचा कोळीवाडा. तिथं एका मास्तरांनी इंग्रजीचा वर्ग काढला आणि आईनं मला ढकलतच त्यात नेऊन बसवलं. बंदरावर मुंबईच्या बोटी लागत. तिथल्या तिकिटाच्या खिडकीला थोडं इंग्रजी बोलणारा पोरगा हवा होता. आईला एवढंच ठाऊक, की खिडकीत बसणारा बुडत नाही.

माझा थोरला भाऊ बुडाला होता. आमच्यात निघणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं, घरच्यांनी 'ये' म्हणायचं. त्या दिवशी आई म्हावरं निवडत होती. भावानं दोनदा 'येतो' म्हटलं, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आरं, जा की!" होडी परत आली, तो आला नाही. तेव्हापासून 'जा' हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही. बाजारालासुद्धा आम्ही जात नसू, बाजार करून येत असू.

मास्तर शिकवायचे चांगलं. म्हणायचे, "ऑन द बोट. होडीवर. कोण होडीवर? काय करतोय? काही कळलं? मग हे वाक्य नव्हे, नुसता शब्दांचा झुबका. व्हेन द बोट केम. यात होडी आहे, तिचं येणंही आहे. पण होडी आली तेव्हा झालं काय? ऐकणारा तोंड उघडं ठेवून बसला ना? हेही अर्धंच." मराठीत 'हा माझा बाप' एवढ्यावर भागतं, इंग्रजीत मध्ये 'इज' घातल्याशिवाय सुटका नाही. मला हे चटकन उमगलं. दोर नसलेलं जाळं कितीही मोठं असो, ओढणार कशानं? कुणी अर्धं बोललं की ते पुरं करायला मास्तर मलाच उठवत.

एके दिवशी बोटीचा साहेब पोरगा निवडायला वर्गात आला. त्यानं फळ्यावर एक क्रियापद लिहिलं, 'गोज', म्हणजे 'जातो'. ते घालून प्रत्येकानं आपल्या बापाविषयी पुरं वाक्य बोलायचं. माझा बाप आदल्या दिवसापासून दर्यावर होता, आणि वारं पडलेलं नव्हतं.

"माय फादर," मी म्हणालो.

साहेबानं छडी फळ्यावरच्या शब्दाला टेकवली.

"टु द सी," मी म्हणालो.

"अरे, मधलं कुठाय?" मास्तर कळवळले. "समोर लिहिलंय, नुसतं वाच!"

"वाचता येतं, मास्तर. म्हणणार न्हाय."

साहेब हसला आणि पुढच्या पोराकडे वळला. खिडकी त्याला मिळाली. लोक आजही म्हणतात, हट्टापायी घालवलीस. घालवली. माझ्या बापाबद्दल काय बोलायचं ते मी ठरवणार, छडी नाही.

संध्याकाळी बाप धडधाकट परत आला. घडलेलं ऐकून खोकला येईस्तोवर हसला. "आरं येड्या, दर्याला विंग्रजी येतं व्हय?"

आई हसली नाही. भाकरी थापायची थांबली.

"म्हंजे तुला बी वाटतं," ती म्हणाली, "माझ्याच बोलन्यानं त्यो बुडला."

मी बापाला जपत होतो. तिचा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. 'न्हाय, आये' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, मास्तरांच्या हिशेबी ते वाक्य असो नसो. तव्यावरची भाकरी करपली. बाप म्हणाला, "उद्यापास्नं होडीवर चल," आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप पुढं झाला. आई दारात आली, पण 'ये' म्हणेना, ओठ घट्ट मिटून उभी. मी तिच्या पायांना हात लावला, आणि शेजारपाजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आये, मी दर्यावर जातो." मग वल्हं खांद्यावर घेतलं आणि किनाऱ्याकडे चालू लागलो.