उःशापाची शेवटची ओळ

उःशाप खात्यात तीन नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईला सगळे टाकबाई म्हणत, कारण तिचा टाक एक तर दौतीत असे, नाहीतर कानावर. कुणाचं नाक चेटकिणीने हातभर लांब केलेलं असो, कुणाची सासू बेडूक झालेली असो, टाकबाई अर्ज वाचायची, उःशापाचं पत्र लिहायची आणि दोरीवर वाळत घालायची. पत्र वाळलं की शाप उतरला. सासूच्या वेळी जावईबापूंनी अर्ज मागे घेता येईल का म्हणून विचारून पाहिलं होतं, पण ते जाऊ द्या.

खात्याची शाई मात्र महा खट. खोटं तिला अजिबात खपत नसे. पत्रात एक ओळ जरी खोटी पडली, तर वाळता वाळता सगळी अक्षरं उडून जात आणि कागद कोरा. दुसऱ्या खिडक्यांवर हे अधूनमधून व्हायचंच. टाकबाईचं पत्र एकोणीस वर्षांत एकदाही कोरं झालं नव्हतं, आणि तिला याचा किती तोरा होता ते विचारू नका.

तर अशा या बाईच्या खिडकीत एके दिवशी एक किल्लीवाला येऊन उभा राहिला. उभा कसला, तरंगत होता. एका चेटकिणीच्या पेटीची हरवलेली किल्ली त्याने बनवून दिली, पेटी उघडली, आत तिच्या खऱ्या वयाचा दाखला निघाला आणि हा शहाणा फिसकन हसला. झालं. तेव्हापासून पाय जमिनीला टेकेनात, आणि दर आठवड्याला गडी वीतभर वर. खिशांत जुनी कुलपं भरून पाहिली, त्याचाही उपयोग झाला नाही.

टाकबाईने नेहमीसारखं पत्र लिहिलं. दुपारी बघते तो कागद कोरा करकरीत.

तिने आधी शाईला नावं ठेवली, मग टाकाला, मग हवेला. साहेबांनी नवी बाटली काढून दिली. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्यात तेच. किल्लीवाला बिचारा तक्रार करायचा नाही. उलट मधल्या दिवशीही सहज चौकशीला म्हणून डोकावायचा आणि गप्पा मारत बसायचा. कुणाच्या घराची किल्ली कुठल्या कुंडीखाली असते, कुठले आजोबा स्वतःपासूनच साखरेचा डबा कुलपात ठेवतात, असलं काहीबाही. टाकबाई तोंडावर कागद धरून हसायची. अकरा वाजले की तिची नजर दाराकडे जायला लागली, आणि वेणीही जरा नीटनेटकी दिसायला लागली.

पहिल्यांदा खिडकीत त्याचा चेहरा दिसायचा. मग सदऱ्याची बटणं दिसायला लागली, मग पट्टा. शेवटी बाईला खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत बोलावं लागे, आणि मागची रांग करवादायची.

सातव्या आठवड्यात साहेबांनी काठीने अंतर मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घरापासून कचेरीपर्यंत किल्लीवाला भिंती नि खिडक्यांचे गज धरत धरत यायचा. आणखी एक वीत वर गेला की हाताला गज लागणार नव्हते, आणि बाहेर तर नुसतं आभाळ. तो हसत हसत म्हणाला की निदान ढगांना कुलपं आहेत का ते तरी कळेल. पण गज धरलेली त्याची बोटं पांढरीफटक पडली होती, ती टाकबाईने बघितली.

घरी वडील मटार सोलत बसले होते. तेही याच खिडकीवरून निवृत्त झालेले. तिने पिशवी आपटली आणि शाई भिकार आहे म्हणून सांगितलं.

"शेवटची ओळ काय लिहितेस?" वडिलांनी विचारलं.

"तीच, नेहमीची. अर्जदार शापातून मोकळा व्हावा, अशी लेखनिकेची मनापासून इच्छा आहे."

"मनापासून?" एवढंच विचारून वडील पुढची शेंग सोलायला लागले.

टाकबाईला असा राग आला की ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळायला लागली. तिसऱ्या पातेल्याला तिचे हात थांबले. मोकळा झाल्यावर तो कशाला येईल खिडकीशी? आणि त्याने यायचं थांबावं, असं कुठे तिला मनापासून वाटत होतं? आपल्या या हावरेपणापायी एक चांगला माणूस आभाळात जाणार होता. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी रडू येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासमोरच पत्र लिहिलं. शंभर वर्षांत कुणी बदलली नव्हती ती शेवटची ओळ तिने बदलली. पत्र अर्जदाराला वाचून दाखवायचं असा खात्याचा नियम होता, त्यातून सुटका नव्हती. कान लाल झाले तरी तिने वाचलं, "हा मोकळा झाला की पुन्हा इथे येणार नाही, याचं लेखनिकेला फार वाईट वाटतं. तरी त्याने खाली यावं."

रांगेने माना उंचावल्या. साहेबांनीही. शाई वाळत गेली आणि एकेक अक्षर जागच्या जागी राहिलं. किल्लीवाला हळूहळू खाली आला. आधी पट्टा, मग बटणं, मग चेहरा, आणि एकदाचे दोन्ही बूट फरशीवर टेकले. उंचीने तो तिला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. खिडकीच्या कडेला हनुवटी टेकवून तो तिच्याकडे बघत राहिला.

"उद्या येऊ?" त्याने विचारलं.

"उद्या सुट्टी. खातं बंद असतं," टाकबाई सवयीने म्हणाली.

"ते पाटीवर वाचलंय मी," तो म्हणाला. "म्हणून तर घरचा पत्ता विचारणार होतो."

टाकबाईने पत्ता सांगितला. मग चुकायला नको म्हणून पुन्हा एकदा, सावकाश सांगितला.