नेटल, नॅशनल आणि नवजात

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला वर्गातल्या मुली मला ‘नॅशन’ म्हणायच्या. मॅडमनी मला पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायला सांगितला होता. ‘नेशन’ला मी ‘नॅशन’ म्हणाले आणि पुढच्याच ओळीत ‘निओनेटल’ला ‘निओनॅटल’. आधी मागच्या बाकावरची एक मुलगी हसली, मग सगळा वर्ग हसला.

माझ्या दृष्टीने मी बरोबरच वाचलं होतं. शहागडला वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे, अगदी रस्त्याला लागून. नॅशनल हायवे हे शब्द मी चालायला लागल्यापासून ऐकत आले. नॅशनलमध्ये ‘नॅ’ असेल तर नेशनमध्ये ‘ने’ कुठून येणार? बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने अक्षरं बघून लावलेला तो सरळ हिशेब होता.

त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला. घरी यावंसं वाटतंय, एवढंच म्हणाले. ते दुकानावरच होते. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

“ये की,” ते म्हणाले. “पण परत जायचं आसंल तरच ये.”

मी गेले नाही. जालन्यात मस्तगडला मावशीकडे राहत होते, तिथेच फोनवर बोलणारी डिक्शनरी उघडून बसले. आधी फक्त ‘ने’ आणि ‘नॅ’ने सुरू होणारे शब्द घेतले. फोनमधली बाई म्हणायची तसं तिच्यामागून म्हणायचे. नेशन, नॅशनल. नेचर, नॅचरल. मावशी भाकरी थापता थापता ऐकायची.

“काय बडबडून राह्यलीस?”

“शब्द घोकून राह्यले, मावशी.”

“मंग जरा मोठ्यानं घोक. मलाबी कळू दे.”

मला वाटलं, नियम सापडला. शब्द आखूड असला की ‘ने’ आणि मागे शेपूट लागलं की ‘नॅ’. दोन दिवस मी खुशीत होते. मग ‘नेटल’ आला. त्यालाही शेपूट होतं, तरी फोनमधली बाई स्वच्छ ‘ने’ म्हणत होती. चिडून फोन उशीखाली टाकला. पण सकाळी पुन्हा तिथूनच सुरुवात केली. नियम पुरत नसेल तर प्रत्येक शब्द वेगळा पाठ करायचा, असं ठरवून टाकलं.

पुढे आमची ड्युटी दवाखान्यात लागली. लहान बाळांच्या विभागाच्या दारावर पाटी होती. वर मराठीत ‘नवजात शिशू कक्ष’, खाली इंग्रजीत ‘निओनेटल युनिट’. पाटी रोज दिसत होती, पण एके दिवशी मी दारातच थांबले. नव आणि निओ. जात आणि नेट. दोन भाषांत एकच शब्द तर नव्हता हा?

मॅडमना विचारलं. “मला माहीत नाही. बघून सांगते,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. “तू म्हणतेस ते बराबर आहे. त्यातलं ‘नेट’ लॅटिनमधल्या ‘नाटुस’वरून आलं, म्हणजे जन्मलेला. आपल्या ‘जात’चं आणि त्याचं मूळ एकच. नेशन, नेचर, नेटल सगळे तिथूनच निघाले. प्रेग्नंटसुद्धा. त्यातलं ‘प्रे’ म्हणजे आधी; जन्माच्या आधीची ती.”

जात हा शब्द आमच्या घरात सहज आवाजात कधी आला नव्हता. दाखल्यापुरता यायचा, नाहीतर कुणी डोळे बारीक करून विचारल्यावर. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच तो शब्द मागे टाकला, असं वडील सांगायचे. पण लोक तो पुन्हा पुढे आणून ठेवायचे. मी फोनवर पाटीचं सगळं सांगितलं.

“म्हंजे जात म्हंजे निसतं जल्मलेलं?” वडिलांनी विचारलं.

“मुळात एवढंच.”

“पुढचं सगळं मानसानं लावलं व्हय मंग,” ते म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मॅडमनी नवजात बाळाच्या निगेवर सेमिनार कोण घेईल, असं विचारलं. मी हात वर केला. मागे खसखस पिकली.

“इंग्रजीत घ्यावा लागेल,” मॅडम म्हणाल्या.

“इंग्रजीतच घेते.”

सेमिनारच्या दिवशी आधी फळ्यावर त्या एका मुळातून आलेले सगळे शब्द लिहिले आणि एकेकाचा अर्थ सांगत म्हणत गेले. ‘नॅशनॅलिटी’ला कुणीतरी हसलं. मी थांबून त्या दिशेला पाहिलं. उच्चार बरोबर होता, म्हणून पुढे गेले. ‘पेरिनेटल’ला मात्र जीभ घसरलीच, ‘पेरिनॅटल’ झालं. माझं मलाच ऐकू आलं. “सॉरी, पेरिनेटल,” म्हटलं आणि बाळाला ऊब कशी द्यायची ते सांगायला लागले.

तास संपल्यावर सगळ्यांत आधी हसलेली ती मागच्या बाकावरची मुलगी जवळ आली. “ते प्रेग्नंटचं परत सांग ना. माझ्या डोक्यात जाऊन न्हाई राह्यलं.” मी सांगितलं. मग तिने तिचे अडणारे शब्द विचारले. ते बरेच होते.

कोर्स संपल्यावर मी नवजात बालकांच्या विभागासाठीच अर्ज केला. मुलाखत इंग्रजीत झाली, दोन ठिकाणी अडखळले, पण नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात जुन्या जालन्याची एक बाळंतीण काचेला हात लावून उभी होती.

“सिस्टर, माझं बाळ ठीक हाय ना?”

“बिलकुल ठीक हाय, ताई. वजन वाढून राह्यलंय,” मी म्हणाले आणि तेच डॉक्टरांना इंग्रजीत सांगायला आत गेले.