पाइपाशी बोलणारा फिटर

आमच्या कळमेश्वरच्या कारखान्यात एक फिटर वाफेच्या पाइपांवर दाब मोजणारे ट्रान्समीटर बसवतो. जुना काढण्याआधी वॉल्व्ह बंद करून तो पाइपाला विचारतो, "हायेस का गा अंदर?" त्याची ही नक्कल करून मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना हसवत असे.

परवा असाच एक ट्रान्समीटर बदलायचा होता. वॉल्व्ह बंद होता, ट्रान्समीटरवरचा आकडा शून्य. मी तोंड पाइपाजवळ नेऊन म्हणालो, "शून्य तर आहे, काढ."

"तो बिघडला म्हणूनच बदलून राहिलो ना, साहेब. बाजूले व्हा."

मला सारून त्याने पाइपाला नेहमीचा प्रश्न विचारला आणि निचऱ्याची तोटी जराशी फिरवली. माझा चेहरा होता तिथूनच आत अडकलेली वाफ किंचाळत गेली. ती थांबल्यावरच त्याने पाना हातात घेतला.

तो प्रश्न मी अजूनही त्याच्याच आवाजात विचारतो. पण आता पाइपाच्या बाजूला उभं राहून, आणि उत्तराची वाट पाहत.