मांडीवरचा सालदार

कामाशिवाय कुत्र्यालाही भाकरी घालायची नाही, असा बाणा बाळगणारा माझ्या मामेसासऱ्यांसारखा दुसरा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मलाही त्यांनी आधी काम विचारलं आणि मगच चहा मागवला. गाव सावदा, काळ ऐंशीच्या दशकातला, केळीची मोठी बाग, आणि सगळे त्यांना नाना म्हणत. आमच्याकडे शेतावर वर्षाच्या बोलीनं गडी ठेवतात. तो सालदार. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं ठरतं. नानांनी हाच कायदा कुत्र्यांना लावला होता. आखाजीच्या सकाळी ती ओट्यापुढे उभी करायची, प्रत्येकापुढे सुपारी ठेवायची आणि विचारायचं, "काय रे, औंदा राहतो का?" कुत्रं शेपूट हलवायचं. झालं, बोली पक्की.

ही चार कुत्री मूळची भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे गार्डसाहेबांची. साहेब मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा नानांनी ती आणली, आणि सोबत प्रत्येकाच्या खानदानाची हकिगतही. कोण कुठल्या मुलखातलं, कशासाठी पाळलेलं, सगळं तोंडपाठ. पंचाईत एवढीच, की नानांनी ते फारच मनावर घेतलं. ठिपक्यांच्या डाल्मेशियनचे पूर्वज म्हणे बग्गीबरोबर धावत, म्हणून त्याला केळीच्या ट्रकमागे पिटाळलं. ते नाक्यापर्यंत धावलं आणि येताना क्लीनरशेजारी ऐटीत बसून आलं. लांबुळक्या डॅशहाउंडचं काम बिळातली जनावरं हुसकण्याचं. तो शिरला मामींच्या पापडाच्या पिंपात, आणि त्याला मागून ओढून काढावं लागलं. लॅब्रडोरचे आजे-पणजे थंड समुद्रात कोळ्यांची जाळी ओढत, म्हणून त्याला पाटाच्या पाण्यात सोडलं, तर त्यानं शेजारणीचं ओलं लुगडं फरफटत आणलं. शेजारीण भांडायला आली. नाना मात्र खूश. "जाळंच समजला ना बिचारा! रक्तातच हाये त्याच्या."

चौथा कापश्या. पांढराशुभ्र पॉमेरेनियन. याचे पूर्वज बर्फात गाड्या ओढत, पण पुढे राजवाड्यात पोचले आणि राणीच्या मांडीवर बसून बसून एवढेसे झाले, असं नाना तुच्छतेनं सांगत. "मांडीवर बसणं हे काय काम व्हय?" कापश्यापुढे त्यांनी कधी सुपारी ठेवली नाही. मामी मुकाट्यानं आपल्या पानाच्या डब्यातली सुपारी काढून त्याच्यापुढे ठेवत. त्यांची एकुलती लेक सासरी दूर सुरतेला. दुपारभर ओट्यावर कापश्याला मांडीवर घेऊन मामी त्याच्याशी लेकीबद्दल बोलत बसायच्या. नाना कुरकुरले की म्हणायच्या, "तुमचा नसंल. हा माह्याकडे सालानं हाये."

एका हिवाळ्यात मामी गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि संपलंच. कापश्या ओट्यावर त्यांच्या गोधडीवर जाऊन बसला आणि खाईना. नानांनी दूध दिलं, भाकरी कुस्करून दिली, शेवटी शेजारी बसून मांडी थोपटली. कापश्यानं तोंड फिरवलं. तो घास-दोन घासांवर तगला, पण आटत चालला. नाना मला म्हणाले, "हाही चालला बरं का तिच्या मागं. माह्या हातात काही नही." मामींच्या स्पर्शाचं घरात एवढंच जिवंत काही उरलं होतं, आणि ते आपल्या हातून निसटतंय, या धास्तीनं नानांची रया गेली होती.

आखाजी आली. आम्ही सगळे सावद्याला जमलो. आखाजीला पितरांसाठी घागर भरतात, तशी घरात मामींच्या नावाची पहिली घागर भरली. नानांनी तिघांच्या बोली उरकल्या आणि मग ते मामींचा पानाचा डबा घेऊन गोधडीवर जाऊन बसले. कापश्यापुढे सुपारी ठेवली आणि हात जोडले. "तुह्या कामाची मले कदर नव्हती रे. औंदा तू नको राहू माह्याकडे. मीच तुह्याकडे सालानं राहतो. ठेवशीन का?"

कापश्यानं सुपारी हुंगली. डबा हुंगला. मग सावकाश उठून नानांच्या मांडीवर चढला आणि नाक धोतरात खुपसून पडून राहिला. नाना त्याच्याशी हळूहळू लेकीबद्दल बोलू लागले.

पानं वाढली तरी ते हलले नाहीत. मी बोलवायला गेलो, तर मांडी न हलवता त्यांनी फक्त हात वर केला.

"थांबा जवाईबुवा. कामावर हाये मी."