हिराताईने न पुसलेली डिस्क

जुना कॉम्प्युटर विकायला आलेल्या प्रत्येकाला हिराताई विचारायची, "डिलीट केलंत ना सगळं?" माणूस ऐटीत "हो" म्हणाला की ती दहा मिनिटांत त्याचीच एखादी डिलीट केलेली फाइल वर काढून दाखवायची. त्याचा चेहरा उतरायचा. "डिलीट म्हंजे दारावरची पाटी काढली. आतला मानूस तिथंच हाय." मग ती कॉम्प्युटरला त्या डिस्कवर, जुन्या सगळ्यावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं लिहायला लावायची आणि काही उरलंय का ते पुन्हा स्वतः शोधायची.

सारसोळ्याची ही कोळीण तिशीपर्यंत आईबरोबर मासळी विकत होती. नेरूळच्या तिच्या दुरुस्तीच्या दुकानात मी चार वर्षं काम केलं. ती हे का शिकली, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं.

तिच्या धाकट्या बहिणीने, चारूने, खाजगी फोटो डिलीट करून लॅपटॉप वाशीच्या एका दुकानदाराला विकला होता. त्याने ते डिलीट केलेले फोटो वर काढले आणि तिला एकटीला भेटायला बोलावलं. ती गेली नाही, तेव्हा त्याने ते तिच्या होणाऱ्या सासरी पाठवले. लग्न मोडलं. पोलिसांनी पुरावा मागितला. लॅपटॉप तोवर भलतीकडे गेला होता. चारूने घराबाहेर पडणं सोडलं.

"हात उचलला असता तर मीच आत गेले असते," हिराताई म्हणाली. "म्हनून शिकले."

वाशीच्या भंगारवाल्याला तिने सांगूनच ठेवलं होतं, त्या दुकानातलं काहीही आलं की पहिला फोन तिला करायचा. सहा वर्षं वाट पाहिली. शेवटी दुकानदाराने जुनं सामान काढलं, त्यात त्याची स्वतःची डिस्क आली. लोकांचं मिटवलेलं उकरणाऱ्याने स्वतःची डिस्क मात्र नुसती फॉरमॅट केली होती, म्हणजे पाटीच तेवढी काढली होती.

हिराताईने त्या डिस्कची प्रत काढून त्यात शोधलं. अकरा बायकांच्या नावांचे फोल्डर निघाले. एक चारूचा. तिने तो उघडला नाही. ती हसली, आणि त्या हसण्याची मला भीती वाटली.

पण पोलिसांकडे जायचं तर फोटो परत कुणीतरी बघणार. तिने चारूला दुकानात आणलं. "तू नाय म्हन, आत्ता पुसते."

चारू दुपारभर त्या डिस्कसमोर बसून राहिली. मग म्हणाली, "नको पुसू. तक्रारीत माझं नाव पहिलं लिही."

कोर्टात दुकानदाराच्या वकिलाने हिराताईला विचारलं, "आरोपीवर तुमचा राग आहे, हे खरं ना?"

"हाय की, साहेब. म्हनून तर नीट शोधलं."

त्याला शिक्षा झाली. बाहेर नेताना तो तिच्यासमोर थांबून हात जोडू लागला. "ताई, माफ करा."

"मला काय सांगतोस? ती बघ, तिथं उभी हाय."

जिन्याजवळ चारू उभी होती, ताठ. त्याने मान वर केलीच नाही. तो गाडीत बसेपर्यंत दोघी बहिणी त्याच्याकडे बघत राहिल्या.